डावीकडचा स्क्रीन

पेशंटच्या दाढेत ड्रिल चालू असताना दातांच्या डॉक्टरीणबाईंना आठवलं, की सकाळी आपण घरी डाव्या स्क्रीनची प्लगची पिन काढली आणि परत लावलीच नाही. हात न थांबवता त्यांनी दाढ पूर्ण केली, कारण पेशंट बिचारा आ वासून पडला होता आणि त्याचा यात काही दोष नव्हता. उरलेल्या पेशंटना उद्यावर ढकलून त्या घराकडे सुटल्या.

बाईंना घरात पक्कड म्हणत. हे नाव नवऱ्यानं ठेवलेलं. नवऱ्याला शर्यतींच्या जगात सगळे भिंगरी म्हणत, कारण आयुष्यातल्या पहिल्याच शर्यतीत, पहिल्याच वळणावर त्याची गाडी गरगर फिरली होती आणि तोंड उलटं करून उभी राहिली होती. पुढे त्यानं ढिगानं शर्यती जिंकल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तर असा हा भिंगरी, ही पक्कड, आणि तिसरी पक्कडची सवत.

सवत म्हणजे घरबसल्या शर्यतीचा सराव करायचं यंत्र. घरातली सगळ्यात मोठी आणि हवेशीर खोली तिला दिलेली. सासूबाईंनी एकदा त्या खोलीत झोपायची इच्छा बोलून दाखवली, तर मुलानं तत्परतेनं त्यांना शेजारची खोली रंगवून दिली. यंत्रातली बैठक त्याच्या अंगाचा साचा काढून बनवलेली. दुसरं कुणी बसलं तर दहा मिनिटांत कंबर धरायची. स्टिअरिंगच्या मागे मोटर अशी दणकट, की चाक गाफीलपणे धरलं तर मनगट मुरगळावं. ब्रेक खऱ्या गाडीइतकाच कडक. पक्कडनं एकदा दोन्ही पायांनी दाबून पाहिला होता, तो जागचा हलला नाही. सगळं धूड चार लोखंडी पायांवर उभं. वळण आलं की कलायचं, रस्ता खडबडीत झाला की दणके द्यायचं, बसणाऱ्याला घाम फोडायचं. आणि भोवती तीन स्क्रीन, एक समोर, एक उजवीकडे, एक डावीकडे, असे कमानीत लावलेले की मान वळवली तर शेजारून धावणारी गाडी दिसावी. पुढची शर्यत ज्या ट्रॅकवर असेल तो ट्रॅक यंत्रात घालायचा आणि त्याच्यावर आधीच इतक्या फेऱ्या मारायच्या की तिथे गेल्यावर नवं काही उरू नये, अशी भिंगरीची पद्धत.

या बाबतीत तो महा कटकट्या. एकदा उजवा स्क्रीन कुणाच्या तरी कोपरानं जरासा सरकला होता. भिंगरीला ते पहिल्याच वळणावर कळलं. त्यानं यंत्र बसवणाऱ्या माणसाला घरी बोलावून घेतलं आणि स्क्रीन जागेवर येईपर्यंत स्वतः जेवला नाही, त्या माणसालाही जेवू दिलं नाही. त्या खोलीत झाडू मारायला कुणाला परवानगी नव्हती. फक्त पक्कडला होती, तीही हजार सूचनांसकट. आज सकाळी व्हॅक्यूम क्लीनरला जागा हवी म्हणून तिनं डाव्या स्क्रीनची पिन उपटली, काम उरकलं, तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली, आणि ती गेली. डावा स्क्रीन काळा ठिक्कर ठेवून गेली. आणि रविवारी शर्यत होती. आता घरी गेल्यावर आपली काही धडगत नाही, हे ती पूर्ण रस्ताभर स्वतःला बजावत होती.

घरात पाऊल टाकलं तर भिंगरी खोलीतून बाहेर येत होता. अंगातला शर्ट घामानं निथळत होता, मानेवर टॉवेल आणि चेहऱ्यावर चक्क हसू.

"आज जमलं," तो म्हणाला. "त्या ट्रॅकवरचा माझा सगळ्यात चांगला वेळ."

एवढंच बोलून तो आंघोळीला गेला. जाताना त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. हल्ली तो रोज कुठे ना कुठे आपटायचा आणि सासूबाई त्याला धांदरट म्हणायच्या. पक्कडला वाटलं, सुटले. त्यानं स्वतःच पिन लावली असणार आणि चांगल्या वेळेच्या आनंदात आपल्याला माफ केलं असणार. ती उगाच खात्री करायला खोलीत डोकावली.

पिन फरशीवर पडलेली होती. डावा स्क्रीन काळा होता. यंत्र अजून गरम होतं.

तिला काही कळेना. आधी वाटलं, हा अबोला आहे. गेले काही आठवडे तो तिच्याशी असाच वागत होता. टेबलावर ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला बसे. ती बोलायची आणि तो समोर बघत जेवत राहायचा. तिनं वाटी पुढे केली तर घ्यायचा नाही. निम्मं अन्न ताटात तसंच टाकून उठायचा. लहानपणी कधी शीत टाकलं नाही यानं, असं सासूबाई कुरकुरायच्या. पक्कडनं मनातल्या मनात पुष्कळ तर्क लढवले होते. दुसरी कुणी असेल का, इथपर्यंत तिची मजल गेली होती. बाहेर अभिमानानं वावरायची आणि दवाखान्यात दोन पेशंटच्या मधल्या वेळेत रडून घ्यायची. आता तर तो रागावणंसुद्धा टाळतोय, असं वाटून तिला कानकोंडं झालं. तिनं ठरवलं, पिन लावायची नाही. बघू या कधी तोंड उघडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तोंड उघडलं नाही, पण तो पुन्हा यंत्रात जाऊन बसला. या वेळी पक्कड मागे दारात उभी राहिली. यंत्र गुरगुरायला लागलं, कलायला लागलं. उजवं वळण आलं की भिंगरीची मान उजवीकडे वळायची, त्या वळणाचं टोक शोधायची, जशी कुठल्याही ड्रायव्हरची वळते. डावं वळण आलं की मान तशीच सरळ राहायची. हात वळायचे, धूड डावीकडे झुकायचं, मान मात्र हलायची नाही. डावीकडे माणसाएवढा काळा चौकोन उभा होता आणि भिंगरी मजेत शीळ घालत होता.

ती बघत राहिली आणि तिला उमगलं. हा अबोला नव्हता. तिच्या धंद्यात एक गोष्ट असते. पेशंट हसत येतो आणि सांगतो, डॉक्टर, दात दुखायचा थांबला, बरा झाला. डॉक्टर दाताला बर्फ लावून बघते, आणि पेशंट शांत बसून राहतो. तेव्हा डॉक्टरला कळतं की दात बरा झालेला नाही, आतून मेला आहे. तो शांतपणा तिनं शेकडो तोंडांत पाहिला होता. आता तोच तिच्या नवऱ्याच्या मानेत होता.

तिनं गच्चीवर जाऊन कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण मेंदूची डॉक्टर. पक्कडनं सगळं सांगितलं, खांदा, ताट, वाटी, स्क्रीन. मैत्रीण मधे मधे बारीकसारीक विचारत गेली आणि तिचा आवाज उतरत गेला. डोळे बहुतेक ठणठणीत असतील, ती म्हणाली. मेंदूनं डावी बाजू सोडून दिली असावी. आत काहीतरी हळूहळू वाढत असेल, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि अशा माणसाला आपल्याला अर्धं जग दिसत नाही हे ठाऊकच नसतं, कारण जे सांगणार तेच बिघडलेलं असतं. त्याला आजच घेऊन ये. आणि गाडी त्याला चालवू देऊ नकोस, इथपर्यंतसुद्धा नाही.

रविवारी हा माणूस भरधाव गाड्यांच्या गर्दीत शिरणार होता. एकटा धावतो तेव्हा त्याचा वेळ चोख येत होता यात नवल नव्हतं. वळणं त्याच्या पाठीत आणि कमरेत भिनलेली होती, डोळ्यांची गरजच नव्हती. पण शर्यतीत शेजारी माणसं असतात. मागच्या शर्यतीतही होती.

मागच्या शर्यतीत मामा होता. मामा कुणाचाच मामा नव्हता. वयानं सगळ्यांत मोठा म्हणून सगळे ड्रायव्हर त्याला मामा म्हणायचे. भिंगरीला ब्रेक कधी दाबायचा हे त्यानं शिकवलं होतं, आणि भिंगरी-पक्कडच्या लग्नात सगळ्यात बेसूर गायला होता तोही मामाच. सरळ रस्त्यावर दोघांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या, मामाची गाडी भिंतीत गेली आणि त्याच्या पायाचा चुराडा झाला. चौकशीत मामा म्हणाला, मी सगळा रस्ताभर भिंगरीच्या डावीकडे होतो. भिंगरी म्हणाला, डावीकडे कुणीच नव्हतं, मामा शेवटच्या क्षणी कुठून तरी घुसला. चौकशीवाल्यांनी कुणालाच दोष दिला नाही. भिंगरीनं मात्र दिला. सगळ्यांसमोर तो म्हणाला की मामा म्हातारा झालाय आणि खोटं बोलतोय. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. आणि पक्कडनं नवऱ्याची बाजू घेऊन मामाच्या बायकोला फोनवर नको नको ते ऐकवलं होतं.

ती खाली आली. भिंगरी यंत्रातच बसून पाणी पीत होता. तिनं त्याला सरळ सांगितलं. डावा स्क्रीन कालपासून बंद आहे आणि तुला ते कळलेलं नाही.

तो आधी हसला. मग त्यानं मान मुद्दाम वळवून डावीकडे पाहिलं, काळा स्क्रीन दिसला, आणि तो भडकला. आत्ता गंमत म्हणून बंद केलास आणि वर मला वेड्यात काढतेस, असं म्हणाला. तिनं खांद्याचं सांगितलं, ताटाचं सांगितलं, मैत्रिणीचं सांगितलं. त्यानं प्रत्येकाचं उत्तर दिलं. अपघातानंतर थकवा असतो. भूक नसते. तुझ्या मैत्रिणीला काय कळतं शर्यतीतलं.

शेवटी तो म्हणाला, "आमच्यात तोंडाच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तपासून बघायचं. तू मागे बस, पिन हातात घे. मी गाडी चालवतो. तू वाटेल तेव्हा लाव, वाटेल तेव्हा काढ, आणि विचार. मी सांगतो चालू की बंद."

ती डाव्या स्क्रीनच्या मागे फरशीवर बसली. पिन हातात धरली. यंत्र सुरू झालं, इंजिनाचा आवाज खोलीभर भरला.

"आता?" तिनं विचारलं.

"चालू."

ती थांबली. "आता?"

"चालू."

एकदा पिन तिच्या हातून निसटून फरशीवर वाजली, तेव्हा तो पटकन "बंद" म्हणाला. जरा वेळानं तिनं पुन्हा विचारलं तर "चालू." एका डाव्या वळणावर तर तो आपणहून सांगायला लागला की प्रेक्षकांच्या पायऱ्या दिसतायत, पिवळा फलक दिसतोय, फलकाच्या मागचं झाड दिसतंय. सगळं खरं होतं. त्या वळणावर ते सगळं होतंच, त्याला पाठ होतं.

फेरी संपली. यंत्र सपाट झालं. "किती बरोबर?" त्यानं विजयी आवाजात विचारलं.

ती उठली आणि स्क्रीनच्या पुढे येऊन त्याच्या डाव्या हाताशी उभी राहिली.

"मी पिन लावलीच नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

"लपून काय बोलतेस? समोर ये."

तो उजवीकडे पाहत होता. मग समोर पाहिलं, मग पुन्हा उजवीकडे. ती हाताच्या अंतरावर उभी होती. तिनं त्याच्या डाव्या गालाला हात लावला, तेव्हा तो विजेचा झटका बसल्यासारखा दचकला. त्या दचकण्यानं तिची उरलीसुरली आशा संपली. तिनं हळूच त्याचं तोंड स्वतःकडे वळवलं. आधी त्याला ती दिसली. मग तिच्या मागचा काळा स्क्रीन, मग तिच्या मुठीतली पिन.

पलीकडच्या खोलीत सासूबाई कुणाशी तरी फोनवर हसत होत्या.

मग भिंगरीनं जे केलं त्यानं पक्कड जास्त हादरली. तो रडला नाही की चिडला नाही. तो हिशेब करायला लागला. रविवारी आपण अगदी डाव्या कडेनं सुटलो तर? मग डावीकडे नुसती भिंत, माणूस कुणी नाही. या ट्रॅकवर बहुतेक वळणं उजवी आहेत. सुरुवातीलाच पुढे निघालो तर मग बाजूला कुणी येतच नाही. एवढी एक शर्यत. सोमवारी तू म्हणशील तिथे येतो. तो हे इतक्या शांतपणे आणि मुद्देसूद मांडत होता, की एखाद्याला पटावं. तिच्या नवऱ्याला लोकांचे जीव आणि वळणं एकाच मापानं मोजता येतात, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं आणि तिला त्याची भीती वाटली.

"आणि मामा?" ती म्हणाली.

तो मधेच थांबला. "मामाचं काय?"

"तो कुठल्या बाजूला होता?"

तो म्हणाला की मामाचा प्रश्न वेगळा आहे, त्याची फिल्म आहे, माझ्याच गाडीतल्या खासगी कॅमेऱ्याची, चौकशीत कुणी मागितलीच नाही. मी ती कितीदा पाहिलीय, पाठ आहे मला. पक्कडनं ती कधीच पाहिली नव्हती. अपघाताची फिल्म लागली की ती उठून जायची, नवऱ्याची गाडी आदळताना बघायची तिची छाती नव्हती. आज ती म्हणाली, लाव.

त्यानं मधल्या स्क्रीनवर फिल्म लावली. सरळ रस्ता, पुढे भिंत, वर ऊन. "बघ," तो म्हणाला. "आहे कुणी?"

चित्राचा डावा अर्धा भाग मामाच्या गाडीनं भरलेला होता. चाकाला चाक लावून ती गाडी धावत होती, सगळा वेळ, अगदी पहिल्यापासून. हेल्मेट दिसत होतं, हेल्मेटवरचा पट्टासुद्धा दिसत होता. हे भिंगरीनं आठवडेच्या आठवडे पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी त्याला रिकामा रस्ता दिसला होता. मामाच्या बायकोला आपण काय काय बोललो ते तिला शब्दन्‌शब्द आठवलं.

तिनं फिल्म मागे नेली. पुढे वाकून नवऱ्याची हनुवटी पकडली, तशी ती रोज पेशंटची पकडते, आणि त्याचं तोंड डावीकडे वळवून तसंच धरून ठेवलं.

"आता बघ."

फिल्म सुरू झाली. तिच्या बोटांखाली त्याचा जबडा ताठ झाला.

"हा कुठून आला?"

"कुठून नाही. तिथेच होता."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"पुन्हा लाव," तो म्हणाला. तिनं लावली. मग पुन्हा. चौथ्या वेळी त्यानं स्वतःच ती शेवटच्या क्षणाशी थांबवली. शेवटच्या क्षणी गाडी कोण कुणावर घालतंय हे स्पष्ट दिसत होतं, आणि ते घालणारे हात भिंगरीचेच होते. त्यानं तिचा हात हनुवटीवरून काढला नाही. तसाच बसून म्हणाला की मी त्याला खोटारडा म्हणालो. मग आणखी एकदा तेच म्हणाला. मग मात्र तो मोठ्यानं रडला, लहान पोर रडतं तसा, आणि सासूबाईंचं फोनवरचं हसणं बंद झालं.

थोड्या वेळानं त्यानं फोन मागितला. पक्कडला वाटलं, संघाच्या मालकाला करेल. त्यानं मामाला लावला. घंटी वाजून वाजून बंद पडली. त्यानं पुन्हा लावला. या वेळी कुणीतरी उचलला. नुसता श्वास ऐकू येत होता. भिंगरीनं फोन स्पीकरवर टाकला.

"मामा," तो म्हणाला. "तू होतास. माझ्या बाजूला होतास तू. सगळा रस्ताभर."

पलीकडे खुर्ची करकरली.

"मला डावीकडचं दिसत नाही मामा. मला माहीतच नव्हतं. रविवारी मी गाडीत बसत नाहीये. आत्ता दवाखान्यात चाललोय. पण त्याच्या आधी तुला सांगायचं होतं."

मग मामाचा आवाज आला, म्हातारा आणि चिडलेला आणि मधेच फुटलेला.

"मी हात दाखवत होतो रे तुला. स्टिअरिंग सोडून हात दाखवत होतो."

भिंगरीनं मान डावीकडे वळवली. स्क्रीनवर फिल्म थांबलेली होती. त्यानं बोट लावून मामाचा हात शोधला.

"दिसला," तो म्हणाला. "आत्ता दिसला."